फिल्मच्या रोलची दुखणी

तुमच्या घरी, देवांच्या तसबिरींच्या शेजारी, एखादा जुना काळा-पांढरा फोटो असेलच. आजोबा खुर्चीत ताठ बसलेले, आजी बाजूला उभी, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. आपण रोज त्या फोटोसमोरून जातो, पण तो आपल्या भिंतीपर्यंत कसा पोचला याचा विचार क्वचितच करतो. आजच्या मुलांना तर 'रोल धुवायला टाकला' हे वाक्यच कळत नाही. "सर, रोल काय कपडा आहे का धुवायला?" असे माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण एका धुतलेल्या रोलची गोष्ट माझ्या घरी तीस वर्षे ठसठसत होती.

आज ह्या रोलचा इतिहास मला तुम्हांला सांगायचा आहे, आणि तो मी त्याच्या बिघाडांच्या अंगाने सांगणार आहे. मोट नीट चालत असते तोवर तिच्याकडे कोण बघतो? नाडा तुटला, म्हणजे मग मोटेत किती भाग असतात आणि कोणता भाग कशासाठी असतो ते कळते. फिल्मच्या रोलचेही तसेच आहे.

आधी घरची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमचे गाव राणीसावरगाव. तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. साल १९८८. माझी आजी, जिला आम्ही सगळे 'माय' म्हणत असू, तिने आयुष्यात एकदाही फोटो काढून घेतला नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असा तिचा पक्का समज. त्या वर्षी नवरात्रात मात्र, कोण जाणे कशी, ती तयार झाली. वडिलांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याचा कॅमेरा मागून आणला, गंगाखेडहून रोल आणला, ढेलजेत बसून स्वतःच्या हाताने तो कॅमेऱ्यात भरला. रेणुकादेवीच्या देवळापाशी, नवे लुगडे नेसलेली माय आम्हा नातवंडांना घेऊन बसली. वडिलांनी छत्तीस वेळा खटका दाबला. रोल गंगाखेडच्या एका स्टुडिओत धुवायला दिला. आठ दिवसांनी वडील एस. टी.तून उतरले ते हातात लिफाफा घेऊन, पण तोंड उतरलेले. रोल कोरा निघाला होता. छत्तीसपैकी एकही फोटो नाही.

त्याच वर्षी संक्रांतीच्या आधी माय गेली. गावात बायका म्हणाल्या, "देवीलाच मंजूर नव्हतं." वडिलांचा ह्या गोष्टीवर विश्वास नव्हता. त्यांचे म्हणणे एकच : "स्टुडिओवाल्यानं औषध शिळं वापरलं. आईचा फोटो त्यानं घालवला." त्या स्टुडिओची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

खरे कारण काय होते, ते शेवटी सांगेन. ते समजायला आधी रोलची जात समजली पाहिजे.

फोटोचे मूळ चांदीत आहे. चांदीचे काही क्षार असे आहेत की, त्यांच्यावर उजेड पडला म्हणजे त्यांच्यात बदल होतो. तो बदल डोळ्यांना दिसत नाही. पण डेव्हलपर नावाच्या औषधात बुडवले, की जेथे उजेड पडला होता तेथे काळी चांदी उमटते. मग हायपोच्या पाण्यात उरलेले क्षार धुऊन टाकायचे, म्हणजे चित्र पक्के होते. अंधारात काळजीपूर्वक करायची गोष्ट एवढीच. अडचण निराळीच होती : हे क्षार कशावर तरी पसरून धरायला हवेत. ते कशावर धरायचे, ह्या एका प्रश्नाभोवती ह्या विद्येचा अर्धा इतिहास फिरतो.

पहिले उत्तर होते काच. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची रीत शोधली. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. लेप वाळला की काम फुकट. म्हणून फोटोग्राफर गावोगाव जाताना काळा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचा बरोबर घेऊन जात. बैलगाडीच्या हिसक्याने काच फुटली, म्हणजे फोटोही फुटला. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स ह्या डॉक्टरने जिलेटिनचा लेप दिलेली कोरडी काच सुचवली, आणि पुढे तंबूचे ओझे उतरले.

आपल्या परभणीचा ह्या काचेच्या युगाशी एक संबंध आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचा फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मृत्यू १९०५. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, त्यांना 'राजा मुसव्विर जंग' असा किताब दिला होता. सिकंदराबादला आणि पुढे मुंबईलाही त्यांचे स्टुडिओ होते. १८९२ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तेथे फोटो काढणारीही बाईच असे. आमच्या मायचा जो संकोच, तो त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता म्हणायचा!

आता काचेवरून रोलकडे येऊ. अमेरिकेत रॉचेस्टर गावी जॉर्ज ईस्टमन नावाचा बँकेतला एक कारकून कोरड्या काचा तयार करू लागला. धंदा बरा चालला असताना १८८२ साली एकाएकी तक्रारी येऊ लागल्या. काचा उजेडाला दादच देईनात. ईस्टमनने विकलेला माल परत घेतला, कारखाना थांबवला, रात्ररात्र प्रयोग केले. औषधात चूक नव्हती, कामगारांत नव्हती. दोष निघाला तो जिलेटिनच्या नव्या मालात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेला सरस. पण एक सरस चालतो आणि दुसरा का चालत नाही, ह्याचा उलगडा व्हायला चाळीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात कोडॅकच्याच प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्ड ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशामुळे फिल्मची उजेडाबद्दलची जाणीव तीव्र होते. आणि हा अंश येतो जनावराने खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून. पाहा, म्हणजे कुठल्या गाईने कुठल्या बांधावर काय खाल्ले, यावर फोटो उमटणार की नाही हे ठरत होते! शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. चाऱ्याचा वास दुधाला येतो हे त्याला ठाऊकच असते.

ईस्टमनने पुढे काच सोडून आधी कागदाची आणि मग, १८८९ मध्ये, पारदर्शक सेल्युलॉइडची फीत विकायला आणली. त्याआधी १८८८ साली त्याचा 'कोडॅक' कॅमेरा निघाला होता. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा! ते रोल काढून धुवत, नवा भरत आणि कॅमेरा फोटोंसकट परत पाठवत. असे का? कारण रोल भरणे आणि काढणे हेच ह्या कामातले सर्वांत नाजूक पाऊल आहे, आणि ते गिऱ्हाइकाच्या हाती देण्याची कारखान्याची तयारी नव्हती. हे लक्षात ठेवा. आमच्या घरच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

सेल्युलॉइडच्या फितीचा मान मात्र एकट्या ईस्टमनचा नाही. नूअर्क गावच्या हॅनिबल गुडविन ह्या पाद्र्याने १८८७ सालीच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ते त्याला १८९८ मध्ये मिळाले. खटला चालला, आणि १९१४ साली ईस्टमनच्या कंपनीला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले. तोवर गुडविन हयात नव्हता.

१९०० मध्ये एक डॉलरचा 'ब्राउनी' कॅमेरा आला, आणि १९०१ मध्ये १२० नंबरचा रोल. आपल्याकडे 'अॅग्फा क्लिक थ्री' नावाचा काळा ठोकळेवजा कॅमेरा घरोघरी होता. तो ह्याच रोलवर बारा चौकोनी फोटो काढी. ह्या रोलच्या पाठीशी काळा कागद असतो आणि त्या कागदावर आकडे छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची बारीक खिडकी. तिच्यात आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवायची. खिडकी लाल का? तर जुन्या फिल्मला लाल उजेड दिसतच नसे. पुढे सगळे रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि हीच खिडकी घातकी ठरली. भर उन्हात तिच्यावर झाकण न ओढता किल्ली फिरवली, की फिल्मवर गोल डाग पडू लागले. जुन्या सोयीची नवी अडचण झाली, ती अशी.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावे दादा म्हणत, हे व्यवसायाने फोटोग्राफर. विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवून त्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्ती फितीवर उतरवली. पण फितीच्या दुखण्यांशी घरात, स्वयंपाकघराच्या शेजारी, खरी झुंज दिली ती दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई फाळके ह्या जोडप्याने.

दादासाहेब मूळचे त्र्यंबकेश्वरचे. ते चित्रकार होते, फोटोग्राफर होते, छपाईचे काम जाणणारे होते. १९१२ साली ते विलायतेला जाऊन विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि इतर साहित्य घेऊन आले. भोके पाडण्याचे यंत्र कशाला, असे तुम्ही विचाराल. अहो, त्या काळी कच्ची फिल्म कोऱ्या कडांची येई. तिच्या दोन्ही कडांना भोके पाडायचे काम ज्याचे त्याने करायचे, आणि तेही पूर्ण अंधारात. कारण उजेडाचा एक कवडसा शिरला की रोल वाया. हे काम सरस्वतीबाईंनी अंगावर घेतले. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे, आणि रात्री काळोखात फीत.

थोडा हिशोब मांडू. शिक्षकांनी हा वर्गात घालावा. एका फूट फितीत १६ चित्रे. प्रत्येक चित्राला दर कडेला ४ भोके. म्हणजे दोन्ही कडा मिळून एका फुटाला १२८ भोके. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. गुणाकार करा : साडेचार लाखांहून अधिक भोके! यंत्राने पाडली तरी फीत सरळ धरणारे हात माणसाचेच. भोक केसभर सरकले तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र उड्या मारू लागणार. भोक फाटले तर फीत कॅमेऱ्यात अडकणार. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला, तेव्हा लोकांना रोहिदास दिसला, तारामती दिसली. ती भोके कोणाला दिसली नाहीत. चांगल्या कामाचे असेच असते. ते नीट झाले म्हणजे दिसत नाही.

दादासाहेबांनी त्याआधी एक छोटी फीत केली होती. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून रोज थोडेथोडे चित्र घेतले, आणि काही क्षणांत अंकुर वर येताना दाखवला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती त्या अंकुराने. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः बनवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. बाहेरून यंत्र आणता येईना म्हणून ते घरी घडवायचे, ही तेथली जिद्द.

सिनेमाची हीच ३५ मिलिमीटरची भोकांची फीत पुढे साध्या कॅमेऱ्यात आली. जर्मनीत ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली, आणि १९२५ मध्ये 'लायका' कॅमेरा बाजारात आला. १९३४ मध्ये कोडॅकने ही फीत लहानशा डबीत भरून द्यायला सुरुवात केली. छत्तीस फोटोंचा जो रोल आपल्याला माहीत आहे, तो हा. आपल्या देशातही उदकमंडलमला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला, १९६७ पासून तेथे माल निघू लागला, आणि 'इंदू' ह्या नावाची फिल्म व एक्स-रे फिल्म गावोगाव पोचली. पुढे तो कारखाना बंद पडला.

आता रोलची दुखणी आणि त्यांची निदाने पाहू. वैद्य जशी नाडी बघतो तसा जाणता माणूस धुतलेली निगेटिव्ह उजेडासमोर धरून बघतो. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते : उजेड तेथे काळे, अंधार तेथे पारदर्शक.

सगळा रोल काळाठिक्कर निघाला, तर समजावे की त्याच्यावर उजेड पडला; कोणीतरी मधेच पाठ उघडली. फक्त कडेने काळे पट्टे आले, तर रोल उन्हात भरला किंवा कॅमेऱ्याच्या झाकणाची फट राहिली. म्हणून रोल नेहमी सावलीत भरायचा. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या अंगाच्या सावलीत. एकावर एक दोन चित्रे आली, तर किल्ली फिरवायची राहिली. लांबच लांब सरळ ओरखडा गेला असेल, तर डबीच्या तोंडाशी किंवा कॅमेऱ्यात धुळीचा कण बसला होता. थंडीच्या कोरड्या दिवसांत रोल झरझर गुंडाळला, तर फितीवर झाडाच्या फांद्यांसारखे किंवा विजेच्या रेघांसारखे डाग दिसतात. घोंगडी अंधारात झटकली की ठिणग्या दिसतात ना, तीच ही वीज. रोल मध्येच अडकला तर जोर करायचा नाही. भोके फाटतात. रात्री खोली पूर्ण अंधारी करून, वर दोन वाकळा पांघरून, हाताने चाचपत डबी मोकळी करायची. कित्येक लग्नांचे फोटो असे वाकळेखाली वाचले आहेत.

आपल्या मराठवाड्याचे खास दुखणे म्हणजे ऊन. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला वापरायचा, असे पुस्तकात लिहिलेले. वैशाखात आमच्याकडे सावलीतला पारा चाळिसाच्या वर जातो. तेव्हा २० अंशांचे पाणी आणायचे कोठून? गरम पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि फितीवरून साय सरकावी तसे सरकते. मग फोटोग्राफर काय करत? पहाटे काम काढत, माठातले पाणी घेत, आणि फिक्सरच्या पाण्यात तुरटी टाकत. तुरटीने जिलेटिन घट्ट होते. गढूळ पाणी निवळायला आपण जी तुरटी फिरवतो, तिने फोटोही वाचवले. शिवाय एका भांड्यातले पाणी थंड आणि दुसऱ्यातले गरम असेल, तर जिलेटिन आक्रसून त्याला उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात. पावसाळ्यात बुरशी धरते. हायपो नीट धुतला नाही, तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो.

राहिला शेवटचा रोग : कोरा रोल. ह्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते वरवर अगदी सारखे दिसतात. ३५ मिलिमीटर फितीच्या कडेला कंपनीचे नाव आणि आकडे असतात. ते शाईने छापलेले नसतात. कारखान्यातच कडेवर उजेड पाडून ते आत नोंदवलेले असतात, आणि रोल धुतला तरच उमटतात. तेव्हा रोल कोरा निघाला की आधी कडा बघायची. कडेलाही काहीच नसेल, तर औषध बिघडले होते किंवा धुणाऱ्याची चूक. पण कडेचे आकडे काळे, ठळक उमटले असतील आणि मधली जागा तेवढी कोरी असेल, तर धुणाऱ्याने आपले काम चोख केले आहे. त्या फितीपर्यंत उजेडच पोचला नव्हता. बहुधा फितीचे टोक पलीकडच्या रिळाच्या खाचेत बसलेच नाही. ती जागची हलली नाही, आणि माणूस खटके दाबत राहिला. ह्याचा उपाय सोपा आहे : रोल भरल्यावर किल्ली फिरवताना दुसऱ्या बाजूची रोल परतवायची कळ आपोआप फिरते की नाही ते बघायचे. फिरली तर फीत चालली.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत माळवदाच्या घरातली जुनी ट्रंक उघडली. वडिलांच्या बदलीच्या कागदांखाली तो लिफाफा होता. वडिलांनी तो रागाने फेकून दिला नव्हता. मी फीत काढली आणि दारातल्या उजेडासमोर धरली. मधे सगळे स्वच्छ, पारदर्शक. आणि कडेला आकडे : एक, दोन, तीन, अगदी छत्तीसपर्यंत, काळेभोर, नुकतेच छापल्यासारखे.

मी इतिहास शिकवतो. पुरावा बोलतो तेव्हा आपण ऐकायचे, आपल्या मनातले त्याच्या तोंडी घालायचे नाही, असे दरवर्षी मुलांना सांगतो. पण त्या दिवशी तो पुरावा हातात घेऊन वडिलांकडे जायला मला दोन दिवस लागले.

वडिलांनी चष्मा लावून फीत पाहिली. मी सांगितले ते ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मीच भरला होता नीट नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गंगाखेडला गेलो. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे, मुलगा चालवतो. म्हातारे गृहस्थ आत बाजेवर बसले होते. वडील त्यांच्या शेजारी टेकले. म्हणाले, "भाऊ, त्या रोलमध्ये चूक माझी होती. मी उगाच तुम्हाला बोल लावला."

त्यांना रोल आठवत होता. म्हणाले, "गुरुजी, कडेचे आकडे बघून मला तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही फार चिडलेले होता. आणि पुढं कळलं, म्हातारी गेली. म्हटलं, आता कुणाच्या हातून झालं ते सांगून काय करायचं? माझ्यावर राग धरला तर धरू द्या."

तीस वर्षांवर त्या माणसाने दुसऱ्याची चूक आपल्या नावावर राहू दिली. त्याच्या धंद्याचा लौकिक आमच्या गावात गेला, तरी तो बोलला नाही. फोटोग्राफीच्या कोणत्याही इतिहासात ह्या माणसाचे नाव येणार नाही, आणि त्याच्या इच्छेवरून मीही ते येथे घेत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यात अशी माणसे होती. माठाचे पाणी आणि तुरटी वापरून, लाल दिव्याशी डोळे फोडून, त्यांनी आपले पूर्वज आपल्याला दाखवले.

मंडळी, आता तुमच्या घरच्या ट्रंकेकडे वळू, कारण हा इतिहास झपाट्याने नाहीसा होत आहे. सुरुवातीची सेल्युलॉइड फीत नायट्रेटची होती. ती कापसासारखी पेट घेई. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पण तोवर आपले कितीतरी मूकपट नष्ट झाले होते; आणि २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिती मोठ्या संख्येने जळाल्या. 'राजा हरिश्चंद्र'चाही आज काही भागच उरला आहे. आणि तो १९१३ चा, की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. नायट्रेटच्या जागी सहजासहजी न पेटणारी अॅसिटेटची फीत आली. तिलाही उष्ण, दमट हवा सोसत नाही. ती आंबते, तिला शिरक्यासारखा वास येतो आणि ती आक्रसते. ह्या रोगाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली, ती भारत सरकारकडून.

तेव्हा एवढे करा. घरातल्या निगेटिव्ह फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पत्र्याखाली ठेवू नका. कोऱ्या कागदाच्या लिफाफ्यात घालून घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवा. आंबट वास येणाऱ्या फिती बाकीच्यांपासून वेगळ्या काढा. चिकटलेल्या ओढून सोडवू नका. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहा. आणि हे काम आज करा, कारण फोटोतल्या माणसांना ओळखणारे जे कोणी घरात उरले असतील, त्यांचे वय झाले आहे.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाला घरचा एक जुना फोटो पाहायला सांगा. फोटोत कोण आहे, हे तर त्याने विचारावेच. पण तो कोणी काढला, कोठे धुतला, त्या दिवशी काय घडले, हेही विचारावे. गावाचा इतिहास यातूनच गोळा होतो.

आमच्या मायचा फोटो नाही तो नाहीच. पण ती कोरी फीत आता ट्रंकेत नाही. वडिलांनी तिचे लहान तुकडे करून, कागदी लिफाफ्यात घालून, देवघराच्या फडताळात ठेवली आहे. लिफाफ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलने लिहिले आहे : "आई. नवरात्र १९८८. रोल भरणाराची चूक. धुणाराची नाही."